गिरजाचौकातल्या सिस्टर

सिस्टर पुढे जाऊन उभ्या राहायच्या, पदर सारखा करायच्या, मग वळून रिकाम्या बाकांवरून नजर फिरवायच्या आणि विचारायच्या, “करू का सुरू?”

उत्तर द्यायला कोणी नसायचं. तरी त्या थांबायच्या. उघड्या दाराकडे बघत थांबायच्या. “आपल्या लोकायले उशिरा यायची सवय हाये,” असं स्वतःशीच म्हणायच्या, आणि मग प्रार्थना सुरू करायच्या.

हे मी ऐकीव सांगत नाही. त्याच चर्चमध्ये, तिसऱ्या बाकावर बसून मी हे पाहिलं आहे. आणि ते पाहिल्यावर पंधरा दिवसांच्या आत मी पेपरात लिहिलं, की या चर्चमध्ये कित्येक वर्षांत प्रार्थना झालेली नाही. ही चूक माझी आहे. ती आधीच सांगून टाकतो, कारण पुढे लिहायचं आहे ते सिस्टरबद्दल, आणि त्यात मधेमधे स्वतःची अब्रू सांभाळत बसायची माझी इच्छा नाही.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, रेल्वेच्या लाइनीवरचं. तुम्ही स्टेशनाबाहेर येऊन ऑटोवाल्याला “चर्चमध्ये जायचं आहे” म्हणालात तर तो जरा विचारात पडेल. “गिरजाचौक” म्हणालात तर पुढचं काही न विचारता नेऊन सोडेल. चौक सगळ्यांना माहीत आहे. गिरडला जाणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपगाड्या तिथून भरतात. बाजाराच्या दिवशी दोरखंडवाले आणि फडे, म्हणजे झाडू, विकणारे फडेवाले तिथे बसतात. आंबेडकर जयंतीची मिरवणूक तिथे वळसा घेते, गणपतीचे ट्रॅक्टर तिथेच रांगेला लागतात. या सगळ्याच्या मागे जी दगडविटांची उंच इमारत आहे, तिच्यामुळे या जागेला नाव मिळालं. पण तिच्याकडे मान वर करून कोणी बघत नाही. रोजच्या वस्तूंचं असंच होत असावं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. रविवारी जुन्या इमारती बघत हिंडायचं आणि त्यांच्यावर जिल्ह्याच्या पेपराच्या पुरवणीत लिहायचं, हा माझा अनेक वर्षांचा छंद. मंदिरं झाली, दर्गे झाले, कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्यांच्या चिमण्या झाल्या. चर्च राहिलं होतं. एका हिवाळी रविवारी सकाळी टेप आणि कॅमेरा घेऊन मी गेलो, तेव्हा दार उघडं होतं आणि उंबऱ्याशी एक वयस्क बाई खराट्यानं कडुनिंबाचा पाला लोटत होत्या. पांढरी साडी, अंगात तपकिरी स्वेटर, पायात मोजे आणि रबरी चप्पल.

“आत पाहू शकतो का?” मी विचारलं.

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. “तुमी त्या पोस्टमास्तरचे काय?”

“नाही. मी शिक्षक आहे. विहाराच्या मागे राहतो.”

“विहाराच्या मांगं? मंग तं म्या तुमाले टोचलं हाये.” त्यांनी खराटा भिंतीला टेकवला. “वडलाच्या खांद्यावर बसून आलते. सुई पाहून असे वरडले, का बाजूच्या वार्डातला पेशंट उठून पाहाले आला.”

मिशनच्या दवाखान्यात त्या पस्तीसेक वर्षं नर्स होत्या. तो दवाखाना बंद पडूनही बराच काळ झाला, पण अर्धं गाव त्यांना दंडावरून ओळखत असे, आणि त्याही गावाला दंडावरूनच ओळखत. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांचं नाव मला पुढे कळलं, पण ते इथे लिहीत नाही. गावानं त्यांना त्या नावानं कधी हाक मारली नाही.

आत गेलो. जुन्या चर्चमध्ये तुम्ही गेला असाल, तर आत पाऊल टाकताच आवाज कसा बदलतो हे तुम्हाला ठाऊक असेल. बाहेर काळ्यापिवळ्यावाले “गिरड, गिरड” ओरडत होते. आत ते दूरच्या गावातून आल्यासारखं ऐकू येत होतं. भिंती हातभर जाड, चुन्यात बांधलेल्या. खिडक्या टोकदार कमानींच्या आणि बऱ्याच उंचावर, त्यामुळे उजेड यायचा तो वरून, तिरपा. छप्पर दोन्ही बाजूंनी खूप उतरतं, वर मंगलोरी कौलं आणि आतून सागवानी तुळयांच्या कैच्या. मान मागे टाकून पाहिलं की उलटी केलेली मोठी नाव डोक्यावर धरल्यासारखी वाटते. उन्हाळ्यात आमच्या भागात पारा कुठे जातो हे सांगायला नको. पण गरम हवा वर छपरात जाऊन बसते आणि खाली बाकांवर माणसाला जीव राहतो. बांधणारे साहेब लोक होते, तरी त्यांनी इथलं ऊन ओळखलं होतं.

मी हे सगळं टिपून घेत होतो, सिस्टर माझ्या टेपचं दुसरं टोक धरून उभ्या होत्या. “किती लांब हाये ते लिवा. अन् किती उंच तेबी लिवा,” त्या म्हणाल्या. “पन खाली बी पाहा थोडंसं. इथं मानसं बसते.”

मग त्यांनी मला बाक दाखवले. हा कंपाउंडरचा. हा ड्रायव्हरच्या घरच्यांचा. त्या बाकावरची पोरं लग्नं होऊन नागपूरला गेली. या बाकावरचा एक पुण्याला आहे, “फोनवर म्हनते नाताळले येतो, मावशी. कोनत्या नाताळले, ते नाई सांगत.” रेल्वे आली, कापूस आला, त्यासोबत गोरे अधिकारी आले आणि त्यांनी हे चर्च बांधलं. ते गेल्यावर मिशनच्या दवाखान्यातल्या माणसांनी हे बाक भरले. दवाखाना बंद झाल्यावर क्वार्टर रिकामे झाले आणि बाकही. पाद्री महिन्यातून एकदा येत, मग नाताळला येऊ लागले, मग त्यांची बदली झाली आणि दुसरे आलेच नाहीत. किल्ली सिस्टरकडे राहिली. दवाखान्यातल्या गॉजच्या पट्टीत ती बांधलेली होती.

“आता थांबाच,” त्या म्हणाल्या. “वेळ झाली. आज तुमी हायेत तं दोघं झालो.”

आणि त्या दिवशी मी ती प्रार्थना पाहिली. सुरू करू का, असं विचारून झाल्यावर त्या पुढे उभं राहून पाद्रींच्या वाट्याचं म्हणत, मग लगबगीनं खाली येऊन पहिल्या बाकावर बसत आणि लोकांच्या वाट्याचं उत्तर देत. पुन्हा उठून पुढे जात. पुढे असताना आवाज मोठा आणि ठाम, बाकावर असताना बारीक. गुडघे दुखत असावेत, कारण उठताना त्या बाकाची पाठ धरत. मला आधी हसू आलं, ते मी दाबलं. थोड्या वेळानं हसू येईनासं झालं.

मधेच त्या गात गात थांबल्या. “थंडी वाजून राह्यली का तुमाले?” असं विचारून त्यांनी स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकली, आणि गाणं जिथे सोडलं होतं तिथून पुढे उचललं.

संपल्यावर त्यांनी दार लावलं, पण घराकडे निघाल्या नाहीत. पायऱ्या उतरून चौकात आल्या आणि कडुनिंबाखाली नुसत्या उभ्या राहिल्या.

“कोणाची वाट बघता?” मी विचारलं.

“कोनाची नाई. प्रार्थना झाली का इथं उभं राहाचं असते. याचं पोरगं आजारी हाये, त्याची बदली झाली, असं सारं इथंच समजते. आत बोलता येत नाई ना.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की चर्चसमोर एवढी मोकळी जागा कशासाठी सोडतात. बग्ग्या वळवण्यासाठी, असं मी तोवर समजत होतो. आणि मिरवायला. पण लोक प्रार्थना झाल्यावर लगेच पांगत नाहीत, त्यांना थोडा वेळ एकमेकांजवळ उभं राहायचं असतं, म्हणून ती जागा. सिस्टर दहा मिनिटं तिथे उभ्या राहिल्या. एका फडेवाल्यानं नमस्कार केला, एक गाय शिंग घासून गेली. मग त्या म्हणाल्या, “चला, झालं,” आणि गेल्या.

यातलं काहीच मी लिहिलं नाही.

लेख मी मनापासून लिहिला होता. कमानी, कौलं, चुना, रेल्वे, कापूस, सगळं त्यात होतं. पुरवणी बघणाऱ्या संपादकांचा फोन आला. “सर, माहिती झकास आहे. शेवट जरा चटका लावणारा करा ना.” मी रात्री बसलो आणि शेवट केला. आता या बाकांवर कोणी बसत नाही, असं लिहिलं. घंटेचा दोर कुजला आहे, असं लिहिलं, आणि ते खरं होतं. कित्येक वर्षांत इथे प्रार्थनेचा स्वर उमटलेला नाही, असं लिहिलं. पानं गळतात आणि ती लोटायलाही कोणी नाही, असंही लिहिलं. वाक्यं लयीत आली. मी ती बायकोला वाचून दाखवली. तिला गलबलून आलं. मला फार बरं वाटलं.

सिस्टर मला आठवल्या नाहीत असं नाही. आठवल्या. पण एक बाई तिथे येते आणि एकटीच म्हणते, असं लिहिलं असतं तर शेवट विस्कटला असता.

माझे वडील आमच्या मोहल्ल्यातल्या बुद्धविहाराची व्यवस्था बघायचे. पावसाळ्यात, पेरणीच्या दिवसांत, विहारात कोणीच यायचं नाही. वडील एकटे बसून त्रिशरण, पंचशील म्हणायचे. मी लहानपणी दाराशी बसून ते ऐकलं आहे. विहार बंद पडला आहे असं तेव्हा कोणी लिहिलं असतं, तर मी त्याच्या घरी जाऊन भांडलो असतो. हे मला लेख लिहिताना सुचलं नाही. नंतर रोज सुचत राहिलं.

लेख खूप फिरला. लोकांनी मोबाइलवर एकमेकांना पाठवला. कॉलेजात चहाच्या वेळी कौतुक झालं. मग काही दिवसांनी तरुण मुलं चौकात येऊन व्हिडिओ काढू लागली. ओसाड चर्च, भुताचं चर्च, असं त्यावर लिहून टाकू लागली. एकानं आत शिरायच्या नादात मागची खिडकी फोडली. सिस्टरनी त्याला पकडून कान धरला, असं मला पानठेल्यावर कळलं. “भूत पाहाले आला व्हय? हे पाय, मी हावो,” असं त्या म्हणाल्या म्हणे. पानठेल्यावर सगळे हसले. मीही हसलो.

त्या मला बाजारात भेटत. डोळ्यांत मोतीबिंदू, पेपर वाचणं सुटलेलं. दर वेळी विचारत, “सर, आपल्या चर्चचं आलं का छापून?”

पहिल्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी मेथीची जुडी निवडत होतो. मी म्हणालो, “येईल.” एकदा येईल म्हटल्यावर पुढच्या वेळीही येईलच म्हणावं लागलं.

आणि मग एका रविवारी सकाळी त्या माझ्या घरी आल्या. धाप लागलेली. हातात ती गॉजमधली किल्ली.

“सर, किल्ली लागून नाई राह्यली. कुलूपच दुसरं हाये.”

चर्चची मालकी असलेल्या संस्थेचं कार्यालय नागपुरात होतं. तिथून माणूस येऊन नवं कुलूप लावून गेला होता. दारावर कागद चिकटवला होता, की ही इमारत वापरात नाही, धोकादायक आहे, प्रवेश बंद.

“वापरात काऊन नाई?” सिस्टर मला विचारत होत्या, जणू कागद मीच लावला होता. त्यांना ठाऊक नव्हतं, की तो जवळजवळ मीच लावला होता. “तुमी चला माह्यासंगं. तुमी शिकलेले, तुमाले बोलता येते.”

मी गेलो. निदान तेवढं तरी करतो, असं मनाशी म्हणत गेलो. एसटीत त्या खिडकीशी बसल्या. ठेवणीतली साडी, केसांना तेल. दवाखान्यातल्या गोष्टी सांगत होत्या. मी विचारलं, “सिस्टर, तुम्ही लग्न का नाही केलं?” त्या म्हणाल्या, “ड्युटी बदलून देतच नवते,” आणि स्वतःच खुदखुदल्या. कार्यालयात जाऊन बोललं की किल्ली मिळेल, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

कार्यालयातला अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. सिस्टरचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मावशी, दुरुस्तीला पैसे नाहीत. काही पडलं, कोणाला लागलं, तर आम्हाला धरतील. इमारत चालू असती तर काही करता आलं असतं. पण तिथे तर वर्षानुवर्षं प्रार्थनाच नाही.”

“कोन म्हनते?”

“पेपरात आलं ना मोठं. आम्ही इथे सगळ्यांनी वाचलं.”

 टेबलावर काचेखाली कॅलेंडर होतं, मी त्याच्याकडे बघत राहिलो.

“पेपरवाल्याले काय माईत?” सिस्टरचा आवाज चढला. “तो आलता का कधी? आत येऊन पाह्यलं का त्यानं? मी दर रविवारी असतो तिथं. ताप असला तरी असतो.”

“मावशी, छापून आलं आहे.”

“हे पाहा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “हे आमचे सर हायेत. हे आले होते. यायनं टेप लावून सारं मोजलं, माह्यासंगं प्रार्थनेले बसले. हे आता लिवून राह्यले आमच्या चर्चवर. यायचं छापून येऊ द्या, मंग वाचजा. खरं काय ते यायच्यात असंन.”

अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला माझं नाव माहीत नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मला दोन शब्द बोलायचे होते. तो लेख माझा आहे आणि तो खोटा आहे, एवढंच. कुलूप कदाचित निघालं असतं. नसतंही निघालं. पण मी खाकरलो आणि म्हणालो, “एकदा प्रत्यक्ष पाहणी करा, साहेब.”

“करू ना,” तो म्हणाला. पाहणीला कोणी आलं नाही.

परत येताना सिस्टरनी स्टँडवरून शेंगदाण्यांचा पुडा घेतला आणि निम्मा माझ्या ओंजळीत ओतला. “तुमी चांगलं बोलले,” त्या म्हणाल्या. जाम गावाचा फाटा येईपर्यंत मी एकही दाणा तोंडात टाकू शकलो नाही. मग त्या म्हणाल्या, “खाऊन नाई राह्यले?” म्हणून खाल्ले.

त्यानंतर सिस्टर दर रविवारी चर्चच्या पायरीवर प्रार्थना करू लागल्या. बंद दाराकडे तोंड करून उभ्या राहत, पाद्रींचं म्हणत, मग वळून एक पायरी खाली उतरत, बसत, लोकांचं म्हणत. समोर काळ्यापिवळ्या भरत असत. सुरुवातीला ड्रायव्हर लोक बघत राहिले. मग त्यांच्यात न ठरवता ठरलं, की सिस्टर उभ्या राहिल्या की गाडीतला गाण्यांचा टेप बंद करायचा. एकदा त्यांची प्रार्थना संपली तेव्हा मागून मोठ्यानं “आमीन” असं आलं. त्या दचकून वळल्या. “कोन हाये?”

बोनेटला टेकलेला दाढीवाला ड्रायव्हर म्हणाला, “मी हावो सिस्टर. गाडी भरून नाई राह्यली, म्हनून ऐकून राह्यलो.”

“भरंन,” सिस्टर म्हणाल्या. “दोन सीट मागच्यासाठी ठेवजो. लोकं उशिरा येते.”

हे मी पानठेल्याच्या आडोशाला उभं राहून पाहिलं. मी तेव्हा रविवारी पुढे जात नसे. पायरीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसायला काही लागत नव्हतं. पण बसलो असतो तर त्यांनी पुन्हा विचारलं असतं, आलं का छापून.

पावसाळ्यातही त्या छत्री घेऊन उभ्या राहिल्या. एका रविवारी घसरल्या, कंबर दुखावली. नाचणगावला त्यांची भाची असते, ती येऊन घेऊन गेली. मला दोन दिवसांनी कळलं. चौकात गेलो तेव्हा पायरीवर फडेवाल्यानं आपले फडे मांडले होते. त्याला उठवायचं मला काही कारण नव्हतं. मी कडुनिंबाखाली थोडा वेळ उभा राहिलो. कोणी काही सांगायला आलं नाही.

असं दीड वर्ष गेलं. नाचणगाव काही लांब नाही. मला वेळ नव्हता असंही नाही.

मग माझ्या लेखांचं पुस्तक करायचं ठरलं. छापायला जायच्या आधीची पानं माझ्याकडे तपासायला आली. चर्चवरच्या लेखाच्या शेवटापाशी मी पोचलो. पेन उचललं आणि त्या चार ओळी खोडल्या. एक क्षणही लागला नाही. पुस्तक वाचणाऱ्याला तिथे काही होतं हेही कळलं नसतं. मी पान उलटलं, आणि पुढचं वाचता येईना. असं गुपचूप खोडून मी दुसऱ्यांदा तेच करत होतो, खरं काय ते लपवत होतो.

दुसऱ्या दिवशी पुलगावची बस धरली, तिथून ऑटोनं नाचणगावला गेलो.

भाचीचं घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. सिस्टर पडवीत खाटेवर बसल्या होत्या, पाठीला उशी. बऱ्याच वाळल्या होत्या. कानाशी मोबाइल धरून कुठल्या तरी शहरातली प्रार्थना ऐकत होत्या. मला आवाजावरून ओळखलं.

“सर? या, या. हे पाहा, यात लय लोकं गाते,” त्यांनी मोबाइल दाखवला. “पन मधात एखांद्यावेळी आडवं लावून देते, जाहिरात.” भाचीला हाक मारली, “चहा ठेव वं.”

चर्चचं कसं आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कुलूप आहे. कौलं काही सरकली आहेत. चौक कसा आहे? चौक तसाच आहे. मला वाटलं आता त्या विचारतील. त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडून काही छापून यायची त्यांनी वाट बघणं सोडलं होतं.

“सिस्टर,” मी म्हणालो, “नागपुरात तो साहेब पेपरात आलं म्हणून सांगत होता, आठवतं?”

“हो.”

“ते मीच लिहिलं होतं. तिथे प्रार्थना होत नाही असं.”

त्यांनी मोबाइल खाटेवर ठेवला. त्यातलं गाणं चालूच राहिलं. त्यांनी चाचपून ते बंद केलं.

“तुमी तं बसले होते,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“शाल देल्ती म्या तुमाले.”

“हो.”

“मंग? मी दिसली नाई का?”

संपादकांनी शेवट मागितला, माझ्या लक्षात आलं नाही, पुढे असं होईल असं वाटलं नव्हतं, अशी सगळी उत्तरं मी बसमध्ये जुळवून आणली होती. ती मी बाजूला ठेवली.

“दिसलात,” मी म्हणालो. “पण एकट्याच होता. एका माणसाला काय धरायचं, असं वाटलं. आणि तसं लिहिलं तर लेख चांगला वाटत होता.”

भाची चहा घेऊन दारापर्यंत आली आणि तशीच आत गेली.

“त्या हापिसात मी त्या मानसाले म्हनलं, आमचे सर खरं लिवतीन,” सिस्टर सावकाश म्हणाल्या. एकेक गोष्ट त्या हातात घेऊन बघत असाव्यात. “तुमच्या हातावर हात ठेवून म्हनलं. तुमी बाजूलेच होते.”

“होतो.”

“काईच नाई बोलले.”

“नाही बोललो.”

त्यांच्या मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना माझा चेहरा किती दिसत होता, मला माहीत नाही. पण त्या चेहऱ्याकडेच बघत होत्या. त्या रागावल्या होत्या. माझ्यावर रागावलेलं त्यांना मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

“मंग आता बोला,” त्या म्हणाल्या.

मी खाटेच्या बाजूला, खाली जमिनीवर बसलो.

“सिस्टर, तुमी होत्या. दर रविवारी होत्या. म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं, अन् कोनी नाई म्हनून लिवलं. अन् त्यायनं तुमाले खोटं पाडलं तवा तुमच्या बाजूले बसून चूप राह्यलो. माह्यं चुकलं. मले माफ करा.”